लसूणघास मळीत बसला नाही, माळावर बसला: करवीर तालुक्यातल्या एका गोठ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पंचगंगेच्या काठाजवळचं करवीर तालुक्यातलं गाव. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचं नाव आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. वैरणीचा सल्लागार म्हणून मी या घराशी पहिल्यापासून जोडलेलो होतो, त्यामुळे निर्णय कसे होत गेले ते जवळून पाहता आलं.

घरात दोघे भाऊ, त्यांची आई आणि थोरल्यांची बायको. थोरले ऊस बघतात, धाकटे शहरात नोकरी करून सकाळ-संध्याकाळ शेतात असतात. गोठा सांभाळतात त्या वहिनी. चार म्हशी, दोन संकरित गाई आणि रेडकं-वासरं. जमिनीचे दोन तुकडे आहेत. नदीकडचा अडीच एकर मळीचा, म्हणजे नदीच्या गाळाचा, तुकडा काळा आणि खोल आहे, त्यात वर्षानुवर्षं ऊस. वरच्या अंगाला दीड एकर तांबूस मुरमाड माळ. माळावर पाइपलाइन पोचली होती, पण तिथे खरिपात भुईमूग आणि एरवी पडीक, असंच चाललं होतं.

वैरणीचं वर्ष कोल्हापूरच्या बहुतेक गोठ्यांसारखंच होतं. कारखाने सुरू झाले की वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडीच्या फडातून वाड्याच्या पेंढ्या येत राहतात आणि जनावरं तीच खातात. उन्हाळ्यात विकतचा कडबा, भाताचं पिंजर. पावसाळ्यात बांधावरचं गवत. वरून गोळी पेंड आणि सरकी. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी यायचं, आणि त्यातून पेंडीची उधारी वजा झाली की हातात राहायचं ते फार थोडं.

अडचण

२०२० च्या दिवाळीच्या सुमारास तीन गोष्टी एकदम अंगावर आल्या. गाईच्या दुधाचं एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारा घन भाग, सारखं कमी लागत होतं. दोन म्हशी उलटत होत्या. भरवल्या तरी परत माजावर यायच्या. आणि एक गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी खाली बसली ती उठेना. पशुवैद्यकांनी दुग्धज्वर ओळखून शिरेतून कॅल्शियम दिलं, गाय वाचली. जाताना डॉक्टर म्हणाले, "वाड्यावर किती दिवस काढणार? पोट भरतंय, पण अंगात काय जात नाही."

त्या एका वाक्यात खरं कारण होतं. वाड्यात प्रथिनं कमी, कोरड्या वजनाच्या हिशोबानं जेमतेम ५-६ टक्के. शिवाय त्यात ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियमला बांधून टाकतं आणि जनावराला मिळू देत नाही. वाडं हे वाईट खाद्य आहे असं नाही, फुकट मिळणारी हिरवी वैरण कुणी टाकून देऊ नये. पण दुभत्या जनावराला महिनोन्महिने मुख्य वैरण म्हणून फक्त वाडं घातलं, तर हाडांतलं कॅल्शियम दुधात उतरत राहतं आणि भरपाई होत नाही. द्विदल, म्हणजे शेंगवर्गातली, वैरण नेमकी हीच उणीव भरते. लसूणघास (ल्यूसर्न) त्यातलाच. त्यात प्रथिनं १८ ते २० टक्क्यांच्या घरात असतात आणि कॅल्शियम भरपूर.

पहिल्या वेळचे पर्याय

पेंड वाढवणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता आणि थोरल्यांचा कल तिकडेच होता. खनिज मिश्रण सुरू करणं तर होतंच, त्यावर कुणाचा वाद नव्हता. धाकट्यांनी बरसीम या हिवाळी द्विदल वैरणीचं नाव काढलं. त्याला लांबलेली थंडी लागते. पंजाब-हरियाणात ते जितक्या कापण्या देतं तितक्या कोल्हापूरच्या आखूड हिवाळ्यात देत नाही. फेब्रुवारी संपता संपता ते मावळायला लागतं. म्हणून तो विषय तिथेच संपला.

सुबाभूळ बांधावर लावावी असं आईंचं म्हणणं होतं. त्यांच्या माहेरी होती. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन असतं आणि जास्त खाल्लं तर केस गळणं, थायरॉइड वाढणं असे त्रास होतात, म्हणून हिरव्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त ती घालू नये असं सांगितलं जातं. काही देशांत जनावरांच्या पोटात मिमोसिनचं विष मोडणारे जिवाणू सापडले आणि ऑस्ट्रेलियात रेमंड जोन्स यांनी ते तिथल्या गुरांत पोचवले. त्या जिवाणूला जोन्स यांचंच नाव आहे. तरीही आपल्या गोठ्यात ते जिवाणू असतीलच असं धरून चालता येत नाही. बांधावर थोडी सुबाभूळ चालेल, मुख्य आधार म्हणून नको, असं ठरलं.

राहिला लसूणघास. एकदा पेरला की तीन-चार वर्षं कापत राहायचं, दर महिन्याला कापणी. हे ऐकून घर खूश झालं. वाद झाला तो फक्त जागेवरून. थोरल्यांचा सवाल सरळ होता, "ऊस कारखान्याला जातो, बिल येतं. घासाचं बिल कोण देणार?" त्याला त्या दिवशी नीट उत्तर मिळालं नाही. शेवटी नोव्हेंबरात तोड झालेल्या मळीच्या तुकड्यातले, गोठ्यापासून पाचच मिनिटांवर असलेले बारा गुंठे घासाला दिले. पाण्याचा पाट जवळ, जमीन सकस, वहिनींना भारा लांबून आणावा लागणार नाही, अशी तीन कारणं होती. तिन्ही खरी होती. जुलै-ऑगस्टात त्या जमिनीचं काय होतं, हा प्रश्न मी मांडला होता. नोव्हेंबरात तो कुणालाच जवळचा वाटला नाही.

पहिलं वर्ष

बी बाजारातून सुटं आणलं, पिशवीला लेबल नव्हतं. सपाट वाफे केले आणि फेकून पेरणी केली. उगवण चांगली झाली. जानेवारीच्या शेवटी पहिली कापणी आली तेव्हा रान बघण्यासारखं होतं.

पहिला चुकीचा निर्णय इथे झाला. कापणी झाल्यावर थोरल्यांनी उसाच्या सवयीनं युरिया फेकला. उसाला युरिया दिसतो, दोन-चार दिवसांत पान काळंभोर होतं. पण लसूणघास द्विदल आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात. गाठ चिरून बघितली आणि आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे असं समजावं. सुरुवातीला हेक्टरी २० किलोच्या आसपास नत्र दिलं की पुरे. त्यानंतर आयतं नत्र मिळालं तर गाठी आळसावतात आणि त्या नत्रावर वाढतं ते गवत. हराळी आणि लव्हाळा दोन्ही वर आले. घासाला खरी गरज असते ती स्फुरदाची (फॉस्फरसची), आणि स्फुरद कुणी दिलंच नव्हतं.

फेब्रुवारीत पिवळ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. अमरवेल. लेबल नसलेल्या बियाण्यातून ती येते, कारण तिचं बी घासाच्या बियात सहज लपतं. वहिनींनी ते जाळं हातानं ओढून काढलं आणि बांधावर टाकलं. दोऱ्याचा तुकडा राहिला तरी तो पुन्हा धरतो, म्हणून ते काही टिकलं नाही. अमरवेलीला बी धरण्याआधी तो ठिपका घासासकट जमिनीलगत कापून जागेवरच जाळायचा असतो. बी धरलेली अमरवेल जनावरांना घातली तर ते बी शेणातून जिवंत बाहेर येतं, शेणखतातून दुसऱ्या रानात जातं आणि जमिनीत कित्येक वर्षं टिकून राहतं.

मग पोटफुगीचा प्रसंग झाला. मार्चमधली पहाट, दवानं भिजलेला कोवळा घास. रात्रभर उपाशी असलेल्या गाईपुढे भारा पडला. तासाभरात डावी भकाळी फुगून वर आली, गाय धापा टाकू लागली. कोवळ्या लसूणघासातली प्रथिनं पोटात लवकर सुटतात, फेस होतो आणि वायू त्या फेसात अडकतो, ढेकर निघत नाही. डॉक्टर येईपर्यंत त्यांच्या फोनवरच्या सूचनेनुसार धाकट्यांनी गोडंतेल हळूहळू पाजलं. घाईनं पाजलं आणि ठसका लागला तर तेल फुफ्फुसात जातं, म्हणून तोंड फार वर न उचलता पाजायचं असतं. तेलानं फेस मोडतो. गाय वाचली.

यानंतर घरानं घास घालणंच थांबवलं. मला वाटतं सगळ्यात मोठं नुकसान अमरवेलीनं नाही, या थांबण्यानं झालं. घास कापला गेला नाही, फुलला, काड्या जून झाल्या, खालची पानं गळाली. आणि पान गेलं की प्रथिनं गेली, कारण घासाची ताकद पानातच असते. आईंनी तर म्हटलंच, "नको बाई ती वैरण, जित्राब मारायची." त्यांची भीती खरी होती. त्या भीतीला उत्तर द्यायला घास घालण्याची पद्धत सांगायला हवी होती, ती आधी कुणी सांगितली नव्हती. सगळा भर घास कसा उगवायचा यावरच होता.

जुलै २०२१ मध्ये उरलेला प्रश्न पावसानं सोडवला. त्या महिन्यात पंचगंगेला मोठा पूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. नदी धोका पातळीच्या बरीच वर गेली. या तुकड्यावर पुराचं वाहतं पाणी आलं नव्हतं, पण ओढ्याचं पाणी मागे सरकून बरेच दिवस साचून राहिलं. लसूणघासाची मुळं काही मीटर खोल जातात, ही त्याची उन्हाळ्यातली ताकद. पावसाळ्यात तीच मुळं हवेविना गुदमरतात. पाणी ओसरलं तेव्हा मुळं तपकिरी आणि मऊ झाली होती, सोलली की साल निघून यायची. सप्टेंबरात बारा गुंठ्यांत लव्हाळ्याचं राज्य होतं.

दुसऱ्या वेळचे पर्याय

यावेळची बैठक जास्त नीट झाली. वहिनी बसल्या होत्या, हे त्याचं मोठं कारण. पहिल्या वेळी त्या चहा करत होत्या आणि निर्णय झाला होता. वैरण कापतं कोण, घालतं कोण, पेंड किती हे ठरवतं कोण, या तिन्हींचं उत्तर त्याच होत्या.

आधी थोरल्यांच्या सवालाचा हिशोब केला. हिरव्या घासात साधारण पाचवा हिस्सा कोरडा भाग असतो. म्हणजे ५ किलो घासात १ किलो कोरडं, त्यात १८० ते २०० ग्रॅम प्रथिनं. २० टक्के प्रथिनांच्या १ किलो गोळी पेंडीत २०० ग्रॅम. ऊर्जेत घास पेंडीला गाठत नाही, पण प्रथिनांत ५-६ किलो घास म्हणजे किलोभर पेंड. हे ऐकल्यावर थोरले म्हणाले, "मग पेंडीच्या दुकानाचं जे बिल वाचेल, ते घासाचं बिल." त्यांच्या विरोधाची धार तिथे गेली, आणि पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं.

मग प्रश्न उरला जागेचा आणि पिकाचा. मळीतच चर काढून, उंच गादीवाफ्यांवर पुन्हा घास घ्यायचा? ओढ्याचं पाणीच मागे येतं तिथे चर पाणी बाहेर कुठे नेणार? चर काढण्याआधी पाण्याला वाट आहे का, हे बघावं लागतं. ती वाट नव्हती. दर वर्षी ऑक्टोबरात पेरायचा आणि पावसाळ्यात सोडून द्यायचा, हाही एक रास्त मार्ग होता. पण मग तिथला ऊस मोडतो आणि बियाण्याचा, मशागतीचा खर्च दर वर्षी पडतो.

माळावर न्यायचा तर मुरूम किती खोल आहे ते बघायला हवं होतं. चार ठिकाणी खड्डे घेतले. बऱ्याच भागात हातभर खाली कठीण लागलं, पण ओढ्याच्या उलट्या बाजूच्या आठ-नऊ गुंठ्यांत माती बऱ्यापैकी खोल होती. माती तपासली तर ती किंचित आम्ल निघाली. लसूणघासाला आणि त्याच्या जिवाणूंना साडेसहाच्या वरचा सामू (पीएच) मानवतो, म्हणून चुना द्यावा लागणार होता.

उथळ भागासाठी दशरथ घास सुचवला. हाही द्विदल, झुडपासारखा वाढणारा. कमी पाण्यात तग धरतो आणि पोटफुगी करत नाही. आईंच्या दृष्टीनं हा शेवटचा गुण निर्णायक ठरला. स्टायलो या आणखी एका द्विदल वैरणीचाही विचार झाला. हलक्या आम्ल जमिनीत तो टिकतो, पण त्याचं उत्पादन कमी आणि पहिल्या वर्षी तो गवताखाली दबतो. डोंगरउताराच्या गायरानाला तो चांगला, कापून घालण्याच्या गोठ्याला नाही.

आणि पावसाळ्याचे चार महिने? तिथे लसूणघासाकडून अपेक्षाच ठेवायची नाही, हा मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो. बारा महिने एकच पीक वैरण देईल ही कल्पना सोडली. हिवाळा-उन्हाळ्याला लसूणघास, खरिपाला मक्यात चवळी, आणि दोन्हींच्या फटीत दशरथ घास, अशी साखळी ठरली. मळीत ऊस परत गेला.

काय केलं

ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी, पाऊस पूर्ण उघडल्यावर, माळाच्या खोल भागात आठ गुंठे लसूणघास पेरला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा बहुवर्षायू वाण, लेबलचं बी. गुंठ्याला पाव किलो प्रमाणे २ किलो पुरलं. रायझोबियमचं, म्हणजे गाठींतल्या नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं, संवर्धक गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळलं आणि सावलीत वाळवलं. चुना महिनाभर आधी मिसळला होता. शेणखत घातलं, पण ते घरचं नव्हे. घरच्या उकिरड्यात अमरवेलीचं बी असण्याची शक्यता होती. गुंठ्याला ५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट. फेकून न पेरता फूटभर अंतरावर ओळीत, बोटाच्या पेरापेक्षाही उथळ पेरणी केली, कारण खोल पडलेलं बारीक बी वर येत नाही. ओळींमुळे भांगलण सोपी झाली आणि अमरवेल लवकर दिसायची सोय झाली.

आठ गुंठ्यांचे अठ्ठावीस वाफे पाडले. रोज एक वाफा कापायचा. ही सूचना वहिनींची. मोठ्या रानात कुठून कापलं आणि कुठवर आलो हे कळत नाही, आणि वैरण कमी पडली की हात कोवळ्या घासाकडे जातो. कापल्यावर घास मुळातल्या साठ्यावर फुटतो. पंचवीस-तीस दिवसांत तो साठा परत भरतो. वीस दिवसांतच कापत राहिलं तर झाडं एकेक करून मरतात आणि रान विरळ होतं. वाफ्यांमुळे हा नियम पाळला गेला, मुद्दाम लक्षात ठेवावा लागला नाही. पहिली कापणी मात्र दोन महिन्यांनी, शंभरात दहा झाडांना जांभळी फुलं आल्यावर, जमिनीपासून चार बोटं वर.

घालण्याचे नियम डॉक्टरांशी बोलून ठरले. घास दुपारी कापायचा, पसरून सुकवायचा आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घालायचा. आधी पिंजर किंवा कडबा पोटात गेला पाहिजे. कुट्टी करताना घास, वाडं आणि कडबा एकत्र. एका जनावराला दिवसाला ५-६ किलोपेक्षा जास्त नाही. वाड्याबरोबर घास हा मेळ मला फार पटतो: एकातलं कॅल्शियम अडतं, दुसऱ्यात ते भरपूर, एकात प्रथिनं नाहीत, दुसऱ्यात आहेत.

जून २०२२ मध्ये मिरगाच्या पावसावर दशरथ घास आला. त्याच्या बियाचं कवच टणक. साधारण ८० अंशांच्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटं आणि मग रात्रभर थंड पाण्यात ठेवलं नाही तर निम्मं बी तसंच पडून राहतं. माळाच्या उथळ कडेनं आणि बांधावर तो लावला. अडीच-तीन महिन्यांनी पहिली कापणी, पुढे दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, गुडघ्याच्या थोडं खाली.

त्याच मिरगावर पंधरा गुंठ्यांत आफ्रिकन टॉल मका आणि श्वेता चवळी, मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक. बेत असा होता की मका चिकात आला की दोन्ही कापून मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेली वैरण, करायचा. नुसत्या द्विदल वैरणीचा मुरघास नीट आंबत नाही, साखर कमी पडते. मक्याबरोबर तो जमतो. पण कापणीच्या दिवसांत पाऊस उघडेना. मुठीत कुट्टी दाबली तर पाणी टपकत होतं, असा मुरघास कुजतो. वाट बघण्यात चवळीची खालची पानं गळाली, शेंड्यांवर मावा आला आणि मका जरा जून झाला. शेवटी चवळी हिरवीच कापून रोज घातली आणि मुरघास बहुतांशी मक्याचाच झाला.

परिणाम

२०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत चित्र असं होतं. पेंड बंद झाली नाही, पण दुभत्या जनावरांना प्रत्येकी किलोभर कमी झाली. गाईच्या एसएनएफची तक्रार थांबली. उलटणाऱ्या दोन म्हशींपैकी एक लवकर गाभ राहिली, दुसरी वर्षभरानं. याचं सगळं श्रेय घासाला देता येणार नाही. खनिज मिश्रण त्याच सुमाराला नियमित सुरू झालं होतं आणि माजाची वेळ वहिनी नीट टिपू लागल्या होत्या. पोटफुगी पुन्हा झाली नाही. आईंनी घासाला हात लावायला एक हिवाळा घेतला. आता कुट्टी त्याच करतात.

माळावरचा घास २०२२ आणि २०२३ हे दोन्ही पावसाळे टिकला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चार वाफे विरळ झाले. तेव्हा धाकट्यांनी रिकाम्या जागांत नवं बी टोकलं. ते जवळजवळ उगवलंच नाही, उगवलं ते पिवळं पडून गेलं. बी खराब नव्हतं. जुना लसूणघास मातीत अशी द्रव्यं सोडतो की त्याच्याच जातीची नवी रोपं तिथे मुळं धरत नाहीत. म्हणून घासाच्या रानात घासच नांग्या भरायला वापरू नये. विरळ झालेला पट्टा मोडून एखादं वर्ष मका किंवा ज्वारी घ्यावी, आणि मग परत यावं. ते चार वाफे मोडून मका केला, तो बघायला थोरलेही थांबले, कारण घासानं मागे ठेवलेल्या नत्रावर मक्याला युरिया फारसा लागला नाही.

दशरथ घास सगळ्यात कमी कौतुकाचा, पण पावसाळी उघडिपीत आणि मे महिन्यात हिरवा राहिला तो तोच. त्याची एक अडचण आहे. पंचेचाळीस दिवसांच्या पुढे गेला की काडी लाकूड होते, कापायला जोर लागतो आणि जनावरं काड्या टाकून देतात. वहिनींच्या मनगटाला त्याचा त्रास झाला. पुढे बांधावरचा निम्मा दशरथ काढून टाकला, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिल्या नोव्हेंबरात बारा गुंठ्यांऐवजी दोन गुंठे माळावर आणि दोन मळीत पेरले असते, तर एका पावसाळ्यानं कमी खर्चात उत्तर दिलं असतं. मळीतली सोय, म्हणजे जवळचं पाणी आणि जवळचा गोठा, ही वर्षातल्या आठ महिन्यांची सोय होती. जागा निवडताना जुलैत तिथे पाणी किती दिवस उभं राहतं, हा पहिला प्रश्न घ्यायला हवा होता. आईंना त्याचं उत्तर तोंडपाठ होतं. २०१९ च्या पुरातही त्या तुकड्यात पाणी साचलं होतं.

घास पेरण्याआधी घालण्याची पद्धत घरात ठरायला हवी होती. पोटफुगीनंतर महिनाभर थांबण्याऐवजी दुसऱ्याच दिवशी सुकवून, पिंजरात मिसळून, अर्ध्या मापानं घास सुरू केला असता तर रान जून झालं नसतं आणि भीतीही इतकी रुजली नसती.

चवळी-मक्याची तारीख कोल्हापूरच्या पावसाला धरून नव्हती. मिरगाला पेरलेला मका ऐन पावसात कापणीला येतो. मुरघासच करायचा तर पेरणी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात घेऊन कापणी सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरात न्यावी, किंवा मिरगाची चवळी सरळ हिरवी घालण्यापुरतीच लावावी. मी असतो तर दोन्ही थोडं थोडं केलं असतं.

आणि एक संधी दोन्ही उन्हाळ्यांत हुकली. मार्च-एप्रिलमध्ये लसूणघास गोठ्याच्या गरजेपेक्षा जास्त निघत होता आणि तो शेजारी फुकट गेला. कोल्हापूरच्या एप्रिलच्या उन्हात घास दोन-तीन दिवसांत वाळतो. सावलीला, पातळ पसरून, सकाळच्या दमट हवेतच उलटवला तर पान गळत नाही. असा वाळलेला घास पोत्यांत भरून माळ्यावर ठेवला की जुलै-ऑगस्टात, जेव्हा बांधावरच्या गवतात नुसतं पाणी असतं, तेव्हा मूठ-मूठ कुट्टीत घालता येतो. यंदा वहिनींनी त्यासाठी गोठ्याच्या वर बांबूची मांडणी बांधून घेतली आहे आणि मोडलेल्या चार वाफ्यांच्या बदल्यात माळावरच चार नवे वाफे मागितले आहेत. थोरल्यांनी तीन दिले. चौथ्यावर बोलणी चालू आहेत.